चांगल्या स्पीकरवर जुनी रेकॉर्ड वाईट का वाजते?

घरात पहिल्यांदा बरे स्पीकर आले की आपण सगळे साधारण एकच गोष्ट करतो. आधी एखादं आजचं गाणं लावून बास कसा घुमतो ते बघतो, खूश होतो. मग केव्हातरी आजी-आजोबांची आठवण येते आणि आपण अब्दुल करीम खाँसाहेब किंवा बालगंधर्व लावतो. आणि तोंड उतरतं. खरखर, सळसळ, खालून कसली तरी घरघर आणि त्या सगळ्यातून नाकातून आल्यासारखा पातळ आवाज. फोनवर हेच ऐकलं होतं तेव्हा तर बरं वाटलं होतं! एवढे पैसे घालून आणलेल्या स्पीकरवर ते आणखी वाईट कसं?

दोष स्पीकरचा नाही. फोनमधला नखाएवढा स्पीकर खालचे स्वर वाजवूच शकत नाही, त्यामुळे जुन्या रेकॉर्डमधली घरघर तो तुमच्यापर्यंत पोचू देत नाही. वरच्या टोकाचंही तो पुष्कळ गाळतो. शंभरेक वर्षांपूर्वीच्या तबकडीत जेवढा गळा शिल्लक आहे, तेवढा नेमका फोनच्या आवाक्यात बसतो. जोडी जुळते म्हणायची. मोठे स्पीकर मात्र फाइलमध्ये जे जे आहे ते सगळं पुढ्यात आणून ठेवतात. तबकडी फिरवणाऱ्या यंत्राची घरघर, सुईचं घासणं आणि नंतर कुणीतरी कॉम्प्युटरवर केलेली ‘साफसफाई’, सगळं.

म्हणजे विचारायचा प्रश्न वेगळा आहे. त्या फाइलमध्ये मुळात काय आहे? ते कुणी आत घातलं, आणि वाटेत कुणी बाहेर काढलं?

सुरुवात करू या कलकत्त्यापासून. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग नावाचा तरुण अमेरिकन माणूस तिथल्या एका हॉटेलात यंत्र मांडून बसला होता आणि गौहर जान त्याच्यासमोर गात होती. त्या खोलीत माइक नव्हता. ध्वनिमुद्रणासाठी विजेचा उपयोगच नव्हता. भिंतीतून किंवा पडद्यातून बाहेर आलेला एक मोठा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदी, पडदीला सुई, आणि सुईखाली फिरणारी मेणाची तबकडी. गाणाऱ्याच्या छातीतून निघालेली हवा हीच काय ती ऊर्जा. त्या हवेने पडदी हलायची, पडदीने सुई हलायची आणि मेणात खाच पडायची.

या पद्धतीत कर्णा जे धरतो तेच उरतं, आणि कर्णा फार थोडं धरतो. माणसाचा तरुण कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. कर्ण्याच्या हाती लागायचा ढोबळमानाने २५० ते २,५०० हर्ट्झचा पट्टा. आता या पट्ट्यावर आपलं गाणं ठेवून बघा. पुरुष गायकाचा काळी एकचा षड्ज १३८ हर्ट्झच्या आसपास असतो, त्याच्या खालचा खर्ज ६९. म्हणजे तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर कर्ण्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. डग्ग्याची घुमारी नाही. वरच्या बाजूला जवारीतून निघणारी स्वरांची झालर २,५०० च्या वर गेली की कापली जाते. शिवाय तंबोरा इतका हळू वाजतो की कर्ण्याला तो मुळात ऐकूच जात नाही. भारतीय संगीताची जमीन ज्या वाद्यावर उभी आहे, तेच वाद्य आपल्या पहिल्या पंचवीस वर्षांच्या रेकॉर्डमधून जवळजवळ गायब आहे.

आणि उरलेल्या पट्ट्यातही कर्णा सरळपणे वागत नाही. कर्ण्याचे स्वतःचे काही लाडके स्वर असतात. ते तो फुगवतो, बाकीचे दाबतो. दोन्ही हात तोंडाभोवती धरून बोलून बघा, आवाजाला कसा रंग येतो ते कळेल. ‘त्या काळचे गायक नाकात गायचे’ असं आपण सहज म्हणतो. त्यातलं किती नाकातलं आणि किती पत्र्याच्या कर्ण्यातलं, हे वेगळं काढणं आता फार कठीण आहे. मला स्वतःला वाटतं की आपण त्या पिढीवर थोडा अन्यायच केला आहे.

गौहर जान त्या रेकॉर्डच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव ठणकावून सांगते, ते तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. तो तोरा समजून ऐकला जातो. पण मेणाच्या तबकड्या तेव्हा बोटीने जर्मनीला, हॅनोव्हरच्या कारखान्यात जायच्या आणि छापून परत यायच्या. तिथल्या माणसांना ही बाई कोण हे कळावं म्हणून तो आवाजी पत्ता होता. कलकत्त्यात कंपनीचा स्वतःचा कारखाना सुरू झाला १९०८ मध्ये.

मग वेळ. दहा इंची तबकडीवर तीन-एक मिनिटं, बारा इंचीवर साडेचारच्या आसपास. तासभर फुलणारा ख्याल त्यात कोंबायचा, तोही कर्ण्याच्या तोंडाशी डोकं धरून, आवाज न बदलता, हलायचं नाही अशा अटीवर. तान वर गेली की मागे ओढणार, खाली आली की पुढे ढकलणार. बैठकीत समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून गाणाऱ्यांनी हे का करावं? अनेकांनी नाहीच केलं. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात होते, पण त्यांच्या गाण्याची एकही रेकॉर्ड नाही. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, त्यांचीही नाही. भास्करबुवांचं गाणं कसं होतं हे आज आपण बालगंधर्वांच्या आणि इतर शिष्यांच्या रेकॉर्डमधून अंदाजाने शोधतो, आणि त्यातल्या सुरुवातीच्या रेकॉर्डही पुन्हा कर्ण्यातूनच आलेल्या.

इथे थोडं न्यू जर्सीत जाऊन येऊ, कारण ज्या यंत्रापासून हे सगळं सुरू झालं ते तिथलं. एडिसन गावच्या ओक ट्री रोडवर तुमच्यापैकी बरेच जण किराणा आणायला जात असतील. त्या गावाचं नाव १९५४ पर्यंत रॅरिटन टाउनशिप होतं आणि थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच हद्दीत होती. १८७७ मध्ये माणसाचा आवाज यंत्रातून पहिल्यांदा परत आला तो इथे. पुढे एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून गावोगाव एक तमाशा केला. सभागृहात गायिका उभी, शेजारी फोनोग्राफ. ती गाते, मध्येच ओठ मिटते, गाणं चालूच राहतं. मग अंधार करायचा, आणि दिवे लागतात तो गायिका व्यासपीठावर नाहीच! लोक शपथेवर सांगायचे की फरक कळला नाही.

आज त्या तबकड्या ऐकल्या तर हे कुणाला पटणार नाही. यातली मेख ॲना केस या गायिकेने म्हातारपणी एका मुलाखतीत सांगितली: तिने आपला आवाज यंत्राइतकाच ठेवला होता, कारण मोकळ्या गळ्याने गायली असती तर यंत्र मागे पडलं असतं. यंत्र माणसाच्या पातळीला आलं नव्हतं, माणूस यंत्राच्या पातळीला उतरला होता. आणि आणखी एक गोष्ट. ऐकणाऱ्यांनी याहून चांगलं यंत्र ऐकलेलंच नव्हतं, त्यामुळे काय नाही ते त्यांच्या कानाला माहीत नव्हतं. ध्वनिमुद्रणाचा दर्जा कळायलाही आधी कान तयार व्हावा लागतो.

१९२५ मध्ये अमेरिकेत माइक आला. आवाजाचं विजेत रूपांतर, ती वीज वाढवायची आणि तिच्या जोरावर खाच कोरायची. पट्टा एकदम रुंदावला, साधारण १०० ते ५,००० हर्ट्झपर्यंत आणि पुढे त्याहून जास्त. भारतात ही पद्धत १९२० च्या दशकाच्या अखेरीस रुळली. तिचा परिणाम ऐकायचा असेल तर अब्दुल करीम खाँच घ्या. मिरजेला स्थायिक झालेले हे किराणा घराण्याचे खाँसाहेब १९०५ च्या सुमारास कर्ण्यासमोर गायले आणि १९३० च्या दशकात, मृत्यूच्या आधीच्या थोड्या वर्षांत, ओडियन कंपनीसाठी माइकसमोर गायले. मधल्या काळात गळा पिकला, गाणं बदललं, हे धरूनही फरक थक्क करतो. आधीच्या तबकड्यांत एक चपळ, तीक्ष्ण आवाज पळतोय. नंतरच्यांत माणूस उभा आहे, त्याच्या पाठीमागे तंबोरा आहे, आणि स्वर लावताना तो हवेत कसा विरघळतो तेही कळतं. त्यांची झिंझोटीतली ठुमरी आज जगभर ऐकली जाते ती याच काळातली. ती कर्ण्यात झाली असती तर तिचं काय उरलं असतं कोण जाणे.

माइकने गाण्याची रीतही बदलली. बालगंधर्वांची पिढी शेवटच्या रांगेपर्यंत गळा पोचवणारी, माइक नसलेल्या थिएटरात घडलेली. १९३० च्या दशकात मराठी भावगीत आलं ते कानाशी बोलल्यासारखं. असं हळुवार गाणं कर्ण्याला ऐकूच गेलं नसतं. भावगीताच्या पहिल्या फळीतले जी. एन. जोशी पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाच्या बाजूला गेले आणि रेकॉर्डिंगला नाखूश असलेल्या कित्येक बुजुर्गांना त्यांनी स्टुडिओत आणलं. माइकसमोर काय टिकतं हे स्वतः गाऊन कळलेला माणूस काचेच्या पलीकडे बसला होता, हे आपलं नशीब.

पण इथे एक गंमत झाली, आणि मला सांगायची मुख्य गोष्ट तिच्यातच आहे. रेकॉर्ड पुढे गेली, घरातलं यंत्र मागेच राहिलं.

खेडोपाडी वीज नव्हती. चावीचा ग्रामोफोन हाच बहुतेकांचा ‘होम ऑडिओ’. माइकने मुद्रित केलेली तबकडी लोक पुन्हा पडदी आणि कर्ण्यावरच वाजवत होते. म्हणजे स्टुडिओत जे गाळलं जायचं थांबलं होतं, ते आता दिवाणखान्यात गाळलं जात होतं. हे बरीच वर्षं चाललं. १९६० च्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर छापली जात होती, कारण घरोघरी वाजवायला यंत्र तेच होतं. वर सुई पोलादी. ती दर गाण्याला बदलायची असा नियम, आणि तो पाळणारी घरं किती असतील? तबकडी बनायची लाखेची. ती लाख जगभर आपल्याकडूनच जायची, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये छापलेल्या जॅझच्या तबकडीतही छोटा नागपूरच्या झाडांवरचे किडे होते असं म्हणायला हरकत नाही. त्या लाखेत दगडाची बारीक पूड मिसळायचे, सुई घासून खाचेत नीट बसावी म्हणून. जुन्या रेकॉर्डची ती जगप्रसिद्ध खरखर म्हणजे बऱ्याच अंशी ही पूड.

याचा अर्थ असा की तुमच्या पणजोबांनी खाँसाहेबांची तबकडी शंभरदा वाजवली असेल, तरी खाचेत होतं ते सगळं त्यांनी एकदाही ऐकलेलं नाही. ते ऐकण्याची सोय त्यांच्या यंत्रात नव्हती. ती तुमच्याकडे आहे. रेकॉर्डिंगने छत ठरवून दिलं हे खरं, त्याच्या वर कुठलाही स्पीकर जाऊ शकत नाही. पण ते छत आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळदा उंच असतं, आणि कित्येक तबकड्यांच्या बाबतीत तिथपर्यंत अजून कुणी पोचलेलंच नाही.

मग आपल्या स्पीकरवर ती खरखरीत निराशा का येते? कारण आपण तबकडी ऐकत नाही, तबकडीची कुणीतरी केलेली प्रत ऐकतो. आणि प्रत करणं हे कसब आहे.

पहिली गोष्ट सुई. ७८ च्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेच्या जवळजवळ तिप्पट रुंद असते. एलपीची सुई तिच्यात घातली तर ती तळाशी लोळते आणि कचरा गोळा करते. आवाज कोरलेला असतो कडेच्या भिंतींवर. दुसरी गोष्ट, कंपन्या कोरताना खालचे स्वर मुद्दाम दाबायच्या, काही जणी वरचे वाढवायच्या, आणि प्रत्येकीचं माप वेगळं. वाजवताना ते उलटं करावं लागतं. १९५४ पासून सगळ्यांसाठी एक माप ठरलं, पण त्याआधीच्या तबकडीला ते लावलं की आवाज एकतर बोदा होतो नाहीतर किरटा.

तिसरी गोष्ट वेग, आणि आपल्या संगीतात ही सगळ्यात घातक. ‘७८’ हे नाव नंतर पक्कं झालं. जुन्या तबकड्या कधी ७४ ने, कधी ८० ने कोरलेल्या असायच्या. ७४ फेऱ्यांनी कोरलेली तबकडी ७८ ने वाजवली तर वेग साडेपाच टक्क्यांनी वाढतो. अर्ध्या स्वराला सहा टक्के पुरतात. म्हणजे सफेद पाचला गायलेला माणूस जवळजवळ काळी चारला गाताना ऐकू येतो, ताना आहेत त्याहून जलद होतात, आणि आवाज आहे त्याहून पातळ आणि तरुण. तुम्ही गाणं शिकत असाल तर तंबोऱ्याचं ॲप लावून एखाद्या जुन्या रेकॉर्डबरोबर गाऊन बघा. स्वर कुठल्याच पट्टीत धड बसत नसेल तर तुमचा कान वाईट आहे असं लगेच धरू नका.

आणि चौथी, मला सर्वांत राग आणणारी, खरखर काढण्याची हौस. खरखर वरच्या पट्ट्यात असते. तिथेच तंबोऱ्याची झालर असते, तिथेच ‘स’, ‘श’, ‘त’ ही अक्षरं असतात. कॉम्प्युटरला यातलं काय ठेवायचं ते कळत नाही. खरखर पुसली की तंबोराही पुसला जातो आणि गायक गादीखालून गातोय असं वाटतं. फोनवर ही प्रत स्वच्छ वाटते, चांगल्या स्पीकरवर तिच्यातला जीव गेलेला लगेच कळतो. पॉडकास्टच्या भागात आम्ही खाँसाहेबांचा एकच तुकडा तीन प्रतींमधून वाजवला, तो पुन्हा ऐका, शक्य तर हेडफोनवर. सर्वात जास्त खरखर असलेली प्रत सर्वात जिवंत का वाटते हे तुमचं तुम्हाला कळेल. पहिलं अर्धं मिनिट खरखर ऐकू येते, मग कान तिला बाजूला ठेवतो. कान हे काम कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा चांगलं करतो, पण त्याला बाजूला ठेवायला काहीतरी आणि धरायला काहीतरी, दोन्ही मिळायला हवं.

वेग सांगायचा राहून गेला तर काय होतं, याची काळजी कुणी घेतली असेल तर ती व्हॉयेजरवाल्यांनी. १९७७ मध्ये दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवली. तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्या तबकडीबरोबर सुईही पाठवली आहे आणि झाकणावर आकृती काढून सांगितलं आहे की एक फेरी ३.६ सेकंदांत व्हायला हवी. सेकंद परग्रहावर कोण ओळखणार, म्हणून वेळेचं माप हायड्रोजनच्या अणूवरून दिलं आहे. आपल्या लाखेच्या तबकड्यांवर एवढी साधी माहिती असती तर!

या भैरवीची आणखी एक गोष्ट तुम्हाला जवळची वाटेल. तबकडीसाठी गाणं निवडलं गेलं तेव्हा ती रेकॉर्ड बाजारात मिळेना. अ‍ॅन ड्रुयनला ती सापडली न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात. मिक्सर आणि इस्त्र्या विकणाऱ्या कुणीतरी ते खोकं टाकून दिलं नाही, म्हणून ती भैरवी आज आंतरतारकीय अवकाशात आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई रेकॉर्डिंगच्या बाबतीत भलत्या चोखंदळ, त्यांचं मुद्रित गाणं मोजकंच. व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला त्या गेल्या. २०१७ मध्ये ही सगळी तबकडी एलपी आणि सीडीच्या रूपात मूळ टेपवरून नव्याने निघाली. घरच्या स्पीकरवर लावायला ती फार चांगली आहे, कारण एकाच बैठकीत निरनिराळ्या देशांची, निरनिराळ्या काळांची रेकॉर्डिंगं शेजारी शेजारी येतात आणि प्रत्येक गाण्याबरोबर खोली बदलल्यासारखी वाटते.

एलपीबद्दल थोडक्यात. १९४८ मध्ये अमेरिकेत आलेल्या या तबकडीने एका बाजूला वीसेक मिनिटं दिली आणि ख्यालाला प्रथमच पाय पसरता आले. अली अकबर खाँची राग-संगीताची एलपी १९५५ मध्ये न्यूयॉर्कलाच मुद्रित झाली. पुढे अमीर खाँचा मारवा-दरबारी आला, तो ऐकताना शांतताही मुद्रित होते हे कळतं. दोन स्वरांमध्ये काही नसतं आणि त्या ‘काही नाही’ मध्ये तंबोरा असतो. १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ तर तुमच्या स्पीकरची परीक्षा घ्यायला वापरा. संतूर, बासरी आणि गिटार आपापल्या जागी बसलेली ऐकू आली पाहिजेत. नाही आली तर या वेळी दोष स्पीकरचा, किंवा तो तुम्ही भिंतीच्या कोपऱ्यात कोंबलाय त्याचा.

स्पीकरवर अभ्यास करणारे कॅनडाचे फ्लॉइड टूल या सगळ्याला गोंधळाचं वर्तुळ म्हणतात. स्पीकर चांगला की वाईट हे आपण रेकॉर्ड लावून ठरवतो. ती रेकॉर्ड चांगली की वाईट हे स्टुडिओतल्या माणसाने त्याचे स्पीकर ऐकून ठरवलेलं असतं. त्याच्या स्पीकरचा बास जास्त असेल तर तो रेकॉर्डमधला बास कमी करून ठेवतो, आणि तुम्ही घरी म्हणता, माझे स्पीकर किरटे आहेत. यातून पूर्ण सुटका नाही. एका रेकॉर्डवरून स्पीकरला आणि एका प्रतीवरून गायकाला नावं ठेवायची नाहीत, एवढंच करता येतं.

आता कॅसेट. फिलिप्सने ती १९६३ मध्ये काढली आणि १९८० च्या दशकात भारतात तिने तबकडीला बाजारातून उठवलंच. परदेशातल्या मराठी घरांचा बहुतेक संगीताचा साठा याच रूपात आला. सुट्टीवरून परतताना लोणच्याच्या बरणीशेजारी बॅगेत कोंबलेल्या कॅसेट, आणि मग एकाची प्रत दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. प्रत्येक प्रतीत आधीच्या सगळ्यांची सळसळ आणि वर स्वतःची. सीडी १९८२ मध्ये आली, नंतर एमपी३ आला. १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये सीडीच्या साधारण अकराव्या हिश्श्याएवढीच माहिती असते. कॅसेटच्या चौथ्या प्रतीची एमपी३ करून कुणीतरी नेटवर चढवली, ती आज तुम्ही महागड्या स्पीकरवर ऐकताय. पण त्या कॅसेटमध्ये असंही काही आहे जे कुठल्याच कंपनीने काढलेलं नाही: घरगुती बैठका, नाटकाची तालीम, आजीचं भजन. त्यांची मूळ प्रत तुमच्या आईवडिलांच्या कपाटात आहे, दुसरी कुठेच नाही, आणि टेप दरवर्षी थोडी खराब होते.

माझ्या घरी अशी एक कॅसेट होती. १९८४ साली सांगलीला आमच्या वाड्यात झालेली बैठक, जिची प्रत एका काकांनी अमेरिकेत आल्यावर आम्हाला करून दिली. मी ती हौसेने कॉम्प्युटरवर घेतली आणि लगेच ‘साफ’ केली. गाणं स्वच्छ झालं. दोन वर्षं मी तीच फाइल ऐकत होतो.

मग मोठे स्पीकर आल्यावर मी मूळ, न पुसलेली फाइल लावली. खालून एक गुणगुण ऐकू आली. मेन्सची. भारतात वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, अमेरिकेत ६०, आणि वाईट वायरिंग असेल तर ती गुणगुण टेपवर उतरते. माझ्या फाइलमध्ये दोन गुणगुणी होत्या. एक बरोबर ६० हर्ट्झची, ती काकांच्या डेकची. दुसरी सांगलीची. ती ५० हवी होती, पण भरत होती साडेएक्कावन्न. म्हणजे त्या रात्री वाड्यातला टेपरेकॉर्डर तीन टक्के हळू फिरत होता आणि इतकी वर्षं आम्ही ती बैठक तीन टक्के जलद ऐकत होतो. माझ्या साफसफाईने पहिल्या झटक्यात जी वस्तू पुसून टाकली होती, तिच्यातच खरा वेग लिहिलेला होता.

वेग दुरुस्त केला. गायकाची पट्टी अर्ध्या स्वराच्या निम्म्याने उतरली, तबला जरा सैलावला. अकराव्या मिनिटाला तिहाई संपते आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी ‘वा बुवा’ म्हणतं. ते आजोबा आहेत हे आम्हाला माहीत होतं, पण आई ते कधी ओळखायची नाही, आजोबांचा आवाज एवढा बारीक नव्हता म्हणायची. या वेळी ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. ती लाटणं हातात घेऊनच बाहेर आली आणि म्हणाली, “पुन्हा लाव.”